सेल्फ मारला की पाय झोपतो! ओम्नीत रास्पबेरी पायला करंट कुठून घ्यावा?

देठवाला, सांगली

आधीच सांगून ठेवतो, पाय म्हणजे रास्पबेरी पाय, तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर. माझे स्वतःचे दोन्ही पाय धड आहेत.

द्राक्षबागांतून देठ-परीक्षणाचे नमुने गोळा करणं हा माझा धंदा. फुलोऱ्यात पानांचे देठ तोडून तपासले की वेलीला कुठलं अन्नद्रव्य कमी पडतंय ते कळतं. ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात आल्या की सकाळी सहाला विश्रामबागेतून निघायचं आणि मणेराजुरी, सावळज करत दुपारपर्यंत बारा-पंधरा प्लॉट उरकायचे. देठ पिशवीत, पिशवी थंड पेटीत. जुन्या ओम्नीत मागं ती पेटी, पेटीत तापमानाचा सेन्सर, आणि सेन्सर व जीपीएस दोन्ही जोडलेला पाय ४. कुठल्या प्लॉटचा नमुना किती वाजता उचलला आणि तेव्हा पेटी किती गार होती, हे आपोआप लिहिलं जातं. म्हणजे लिहिलं जायला पाहिजे.

लायटरच्या सॉकेटात चार्जर लावलाय, तिथून दोन मीटरची केबल मागं पायपर्यंत. प्रत्येक प्लॉटवर गाडी बंद होते, पुन्हा सुरू होते. सेल्फ मारला की पाय बंद पडून नव्यानं सुरू. जीपीएसला उपग्रह सापडेपर्यंत मी पुढच्या बांधावर पोचलेला असतो. महिन्याभरात दोन मेमरी कार्डं गेली. दुसऱ्यात तीन दिवसांच्या नोंदी होत्या. एका बागायतदाराला "अण्णा, देठ पुन्हा तोडू का?" असं विचारायला गेलो, तोवर त्यांचा फुलोरा संपून मणी धरले होते. ते काय बोलले ते इथं लिहीत नाही.

चार्जरवर ३.१ अँपिअर छापलंय. पायला ३ लागतात. मग कमी पडतंय कुठं? बॅटरी वर्षाचीच आहे. छोटा इन्व्हर्टर बसवून घरचा ॲडॉप्टर लावू का?

माळावरचा

एवढं डोकं कशाला लावताय? मध्ये पॉवर बँक ठेवा. गाडी पॉवर बँकेला चार्ज करेल, पॉवर बँक पायला.

मिरजेचा वायरमन

इन्व्हर्टर नको. १२ चे २३० करायचे आणि २३० चे परत ५, म्हणजे विहिरीचं पाणी टाकीत चढवून टाकीतनं परत विहिरीत. वर स्वस्तातले इन्व्हर्टर व्होल्टेज साडेदहाच्या आसपास आलं की शिट्टी मारून बंद होतात. सेल्फ मारताना तेवढं खाली येतंयच.

पॉवर बँकेचंही सांगतो. बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग जोडलं किंवा निघालं की बाहेरचा सप्लाय क्षणभर तोडतात. मोबाईलला कळत नाही, पायला कळतंय. शिवाय बंद गाडीत उन्हात ती ठेवणं मला पटत नाही.

देठवाले, आधी मीटर घ्या आणि चार ठिकाणी व्होल्टेज बघून इथं लिहा. बॅटरीवर गाडी बंद असताना, चालू असताना आणि सेल्फ मारताना. लायटरच्या सॉकेटात सेल्फ मारताना. चार्जरच्या तोंडाशी. आणि पायच्या ५ व्होल्टच्या पिनेवर, गाडी चालू ठेवून. सेल्फ दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगा, एकट्यानं जमत नाही ते.

देठवाला, सांगली

मुलाला सीटवर बसवलं. बॅटरी: बंद १२.५, चालू १४.१, सेल्फला ९.४. चार्जरच्या तोंडाशी ५.१. पायच्या पिनेवर ४.५८.

आणि सॉकेटात सेल्फ मारताना शून्य! तीनदा बघितलं. मीटर खराब वाटला म्हणून शेजाऱ्यांचा आणला. शून्यच.

मिरजेचा वायरमन

मीटर चांगला आहे. हेच बघायचं होतं.

लायटरचा सॉकेट ॲक्सेसरीच्या लाइनवर असतो. चावी सेल्फला फिरवली की स्विच ती लाइन तोडतोच, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळावी. रेडिओ बंद होतो बघा तेव्हा. तुमचा पाय कमी व्होल्टेजनं झोपत नव्हता, त्याचा करंटच काढून घेतला जात होता. तुम्ही १० अँपिअरचा चार्जर आणला असता तरी तेच झालं असतं.

दुसरा घोळ तुमच्या केबलचा. चार्जरवर ५.१ आणि पायवर ४.५८, म्हणजे अर्धा व्होल्ट दोन मीटरच्या बारीक तारेनं खाल्ला. पाय ४.६३ च्या खाली गेला की तक्रार करतो. १२ मधनं अर्धा गेला तर कुणी विचारत नाही, ५ मधनं गेला की बोंब. म्हणून लांबचा प्रवास १२ नं करायचा आणि ५ पायच्या शेजारी बनवायचे.

करायचं असं. बॅटरीच्या प्लसवरनं एक एमएमची वायर काढा, टर्मिनलपासून वीतभरात ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. फ्यूज पायजवळ लावून उपयोग नाही. मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर जळणार वायर, पाय नव्हे. अर्थही बॅटरीच्या मायनसवरनंच आणा, गंजक्या स्क्रूवर भरवसा नको. मागं पेटीजवळ बक कन्व्हर्टर, म्हणजे १२ चे ५ करणारं मॉड्यूल. एलएम२५९६ चं मॉड्यूल स्वस्त मिळतं, ४० व्होल्टपर्यंत खातं, आणि आत सातेक व्होल्ट येईपर्यंत बाहेर ५ सांभाळतं. तुमचे ९.४ त्याला पुष्कळ झाले. मीटर संथ असतो, खरा खड्डा त्याहून खोल असणार, तरी चालेल. ३ अँपिअर लिहिलेलं असतं पण सतत २ च्या वर घेऊ नका, तापतं. पाय आणि जीपीएस मिळून तुमचं दीडच्या आसपास असेल.

मॉड्यूलवर पितळी स्क्रू असतो. पाय जोडायच्या आधी ५.१ लावून घ्या आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. सावळजच्या रस्त्यानं तो स्क्रू आपोआप फिरतो. एकाचा डॅशकॅम मी असा मेलेला बघितलाय, ७ व्होल्टवर गेला होता.

आणि एक. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि "अल्टरनेटर चार्ज करतोय का बघू" म्हणायचं, ही आमच्यातल्या जुन्या लोकांची खोड. त्या क्षणी लाइनवर १२ च्या कितीतरी पट व्होल्ट उसळतात. कन्व्हर्टरच्या आधी ती उसळी गिळणारा एक टीव्हीएस डायोड टाका आणि कुणाला ते टर्मिनल काढू देऊ नका. मलासुद्धा.

टिचकी, कराड

वायरमनदादांचं सगळं बरोबर, पण मग पाय रात्रभर चालूच राहणार की! तीन-चार वॅट म्हणजे १२ वर ०.३ अँपिअर, बारा तासांत जवळपास ४ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची धरली तर शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी धक्का मारायचा.

कार्डं जातात ती लिहिता लिहिता करंट गेल्यामुळे. म्हणून पायला चावी बंद झाल्याचं कळायला हवं. चावीची एक वायर पीसी८१७ ऑप्टोकपलरमधून (तो फक्त इशारा पलीकडे पोचवतो, १२ व्होल्ट नाही) पायच्या एका पिनेला द्या, आधी रेझिस्टर टाकून. १२ व्होल्ट थेट पिनेला लावाल तर बोर्ड गेला, त्या पिना ३.३ च्या आहेत. मग कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनची एक ओळ, की चावी गेल्यावर पाय स्वतःहून नीट बंद होतो. बंद झालेला पायही थोडा करंट पीतच राहतो, म्हणून कन्व्हर्टरच्या आधी डिले-ऑफ रिले लावून मिनिटभरानं सगळंच तोडा.

नोंदी पेनड्राइव्हवर लिहा आणि मेमरी कार्ड रास्पी-कॉन्फिगमधून (पायचा सेटिंगचा मेनू) ओव्हरले करून टाका, म्हणजे त्यावर काही लिहिलंच जात नाही. मी आमच्या दूध संकलनाच्या टेम्पोत असंच केलंय. फक्त अपडेट करायचं असेल तेव्हा ओव्हरले काढायला विसरू नका. मी विसरले होते. अख्खी दुपार बदल करत होते आणि रीस्टार्ट केलं की सगळं पहिल्यासारखं!

मिरजेचा वायरमन

ताई, चावीची वायर ॲक्सेसरीची घेऊ नका म्हणून सांगा. सेल्फला ती तुटते, पायला वाटेल गाडी बंद झाली आणि तो झोपायला निघेल. इग्निशनची घ्यायची, कॉइलला जाते ती. सेल्फला ती जिवंत राहते.

टिचकी, कराड

अगदी बरोबर, हे माझ्याकडून राहिलंच. टेम्पोत मी दहा सेकंद थांबून मगच बंद करायची स्क्रिप्ट लिहिली होती, आता कळलं ती का लागत होती.

देठवाला, सांगली

उशिरा लिहितोय, सीझन चालू होता.

वायरिंग मीच केलं, फक्त इग्निशनची वायर शोधायला गल्लीतला इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं टेस्ट लॅम्प घेऊन दोन मिनिटांत काढून दिली आणि चहा पिऊन गेला. पाय आधी ड्रायव्हर सीटखाली ठेवणार होतो, मग लक्षात आलं की ओम्नीत सीटखाली इंजिन आहे. आता पेटीच्या बाजूला लाकडी फळीवर बसवलाय. नेलपॉलिश मुलीची, चकाकी असलेली जांभळी. कन्व्हर्टर लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

पहिल्या दिवशी फ्यूज उडाला. रिलेच्या मागं वायरचा एक केस बाहेर राहून पत्र्याला टेकत होता. फ्यूज बॅटरीजवळ होता म्हणून दहा रुपयांत भागलं.

त्यानंतर अकरा दिवस, दीडशेच्या वर सेल्फ. पाय एकदाही झोपला नाही. पिनेवर गाडी चालू असताना ५.०६. व्होल्टेजची तक्रार बघायची कमांड आहे ना, तिथं आधी ५०००५ यायचं, आता शून्य. चावी काढल्यावर पायचा हिरवा दिवा पंधरा-वीस सेकंद लुकलुकतो, थांबतो, आणि मिनिटभरानं रिले टक् करतो. तो टक् ऐकल्याशिवाय मी दार लावत नाही.

आता एकच. या सगळ्या खटपटीत मागच्या छताचा दिवा लागेनासा झालाय. वायरमन, काय केलं असेल मी?

मिरजेचा वायरमन

दिव्याचा फ्यूज काढून पायला लावला असाल. बघा.

देठवाला, सांगली

...हो.