मदत हवी आहे: नवीन नर्स थेट होम केअरमध्ये

वॉर्डचा अनुभव नसलेली, नुकतीच पास झालेली नर्स होम केअरला घेतोय. पेशंटच्या घरी शेजारी सिनिअर नसते, खरी गोची तिथेच. एकटीला पाठवण्याआधी सोबतीच्या किती व्हिजिट कराव्यात? दोन आठवडे मला तरी कमी वाटतात.

बॅग जमिनीवर न टेकवणं, आत हात घालण्याआधी हँडरबने 20 ते 30 सेकंद हात चोळणं, शार्प्सचा (वापरलेल्या सुया, ब्लेडचा) डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करणं, हे शिकवता येतं. पण समजा, कॅथेटर (लघवीची नळी) बदलताना नळीत लघवी दिसत नाही, आणि नळी मूत्राशयात टिकवणारा तिच्या टोकाचा फुगा पाण्याने भरायला लागताच पेशंट कळवळतो. म्हणजे फुगा बहुधा मूत्रमार्गातच आहे. तिथेच थांबून पाणी काढायचं, हे ठीक. पुढचा फोन कुणाला, हे तुम्ही आधी लिहून कसं देता? इंजेक्शनच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी नाही, एवढं पक्कं केलंय. कौशल्य तपासायची यादी कुणाकडे असेल तर टाका.