रॅम्पवरची सव्वासहाची कटकट

ए-१०२ : रोज सकाळी सव्वासहाला बेसमेंटच्या रॅम्पवरून कट-कट-कट करत गाडी कोण काढतं? आमची बेडरूम बरोब्बर वर आहे. बाळ दचकून उठतं.

सी-३०५ : सॉरी वहिनी, आमचीच. २००९ची आहे, म्हातारी झाली. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की वाजते, सरळ रस्त्यावर काही नाही. वर्कशॉपवाला म्हणतो दोन्ही एक्सल बदला.

बी-७०१ काका : स्पीडबरोबर वाढणारा घूंऽऽ असा आवाज येतो का?

सी-३०५ : नाही काका.

बी-७०१ काका : मग बेअरिंग नाही, एक्सलचा चाकाकडचा जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सीव्ही जॉइंट. पण दोन्ही कशाला? मोकळ्या जागेत ने, काच खाली, रेडिओ बंद. पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरव, मग उलट्या बाजूला. उजवीकडे वळताना वाजला तर बहुतेक डावीकडचा गेला.

ए-४०४ : आमची वाजत नाही, पण पिकअप घेताना थरथरते. पाय काढला की थांबते.

बी-७०१ काका : तो गिअरबॉक्सकडचा जॉइंट असू शकतो. आधी इंजिनचं माउंटिंग बघून घ्या, तेही अगदी असंच नाटक करतं.

सी-३०५ : टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. डाव्या रिमला आतून काळं ग्रीस उडालंय. जॉइंटवरच्या रबरी बूटला, म्हणजे घड्यांच्या टोपणाला, घडीत चीर आहे, बोट जातं आत. ग्रीस बोटावर घेतलं तर वाळूसारखं चुरचुरतं 😐

बी-७०१ काका : पकडला चोर. चीर पडली तेव्हाच बूट, ग्रीस आणि दोन क्लिपांत भागलं असतं. पावसाचं पाणी, चिखल आत गेला की जॉइंटमधले सहा छर्रे आपल्याच खाचा खातात. आता नुसता बूट घालून पैसे घालवू नकोस. डावा बाहेरचा जॉइंट बदल, बूटकिटसकट मिळतो. उजव्याचा बूट फक्त बघ, भेगा असतील तरच बदल.

सी-३०५ : मेकॅनिकला काय सांगू?

बी-७०१ काका : ग्रीस किटमधलंच, काळं मॉलीवालं. हबचा नट नवा, आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, कस म्हणावं, एअरगनने नको. एक्सल ओढला की गिअरऑईल सांडतं, ते परत भरलं का, समोर उभं राहून बघ. सील गळत असेल तर तेव्हाच बदलून घे.

बी-२०२ : काका, तुम्ही तर एसटीत होतात ना?

बी-७०१ काका : हो, तिथे मागची चाकं ढकलतात, आम्ही शाफ्टचे क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे साधे जॉइंट, बदलायचो. १९८३ला मारुती ८०० आली, तिची पुढचीच चाकं ओढणार आणि वळणारही. एवढ्या वळणात साधा क्रॉस झटके देतो, म्हणून हा छर्ऱ्यांचा जॉइंट. ‘रबरच तर फाटलंय’ म्हणणारे तेव्हापासून भेटतायत.

सी-३०५ : 🙏 शनिवारी नंबर लागलाय. उद्या महाबळेश्वरला जाऊ का?

बी-७०१ काका : घाट अजिबात नको. जॉइंट तुटला तर गिअर टाकता येईल, इंजिन ओरडेल, पण गाडी जागेवरच. शिवाय तू उतारावर गिअरमध्ये टाकून लावतोस. एक बाजू सुटली की गिअर गाडी धरत नाही, मागच्या चाकांचा हँडब्रेकच धरणार. तो कसा आहे तुझा?

सी-३०५ : ढिला 🙈

ए-१०२ : आमची पार्किंगची जागा पी-१२ सपाटीला आहे आणि रविवारपर्यंत रिकामी. आत्ताच आणून लावा. सकाळी नको, रात्रीच.