रेकॉर्डिंगवाला सॅटेलाइट रिसीव्हर: मोठी डिस्क घ्यावी की दोन ट्यूनर?

छत्रीधारक:

आतच रेकॉर्डर असलेला सॅटेलाइट रिसीव्हर घ्यायचा आहे. एक चॅनल बघताना दुसऱ्यावरचं रेकॉर्ड व्हावं, मालिकेचे भाग आपोआप साठावेत आणि चालू सामना थांबवून मागे नेता यावा, एवढीच अपेक्षा आहे. दोन पर्याय समोर आहेत. एकात १ टीबीची डिस्क आहे, पण ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) एकच. दुसऱ्यात ट्यूनर दोन, पण डिस्क ५०० जीबीची. तिसरा मार्ग म्हणजे साधा रिसीव्हर घेऊन यूएसबीला बाहेरची डिस्क लावायची. डिशवरून टीव्हीपर्यंत एकच केबल येते आणि दुसरी ओढणं जवळजवळ अशक्य आहे. एलएनबीला (डिशसमोरच्या, सिग्नल गोळा करणाऱ्या डबीला) तोंडही एकच आहे. शिवाय रेकॉर्ड केलेलं नंतर संगणकावर घेता येतं का, हेही कळलं तर बरं.

दोन_ट्यूनर:

दोन ट्यूनरवालाच घ्या. पण केबलचा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर दुसरा ट्यूनर नावापुरता राहील.

युनिव्हर्सल एलएनबी उपग्रहाचे सिग्नल चार गटांत देतो: उभं आणि आडवं ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा), आणि प्रत्येकाचा खालचा व वरचा फ्रिक्वेन्सी पट्टा. रिसीव्हरने केबलवर १३ व्होल्ट पाठवले की उभं मिळतं, १८ पाठवले की आडवं. त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोन चढवला की ११.७ गिगाहर्ट्झच्या वरचा पट्टा येतो, टोन नसला की खालचा. केबलवर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढीच जागा असल्याने एका वेळी चारातला एकच गट खाली उतरतो. म्हणजे रेकॉर्डिंग आडव्या ध्रुवीकरणावर चालू असेल, तर उभ्यावरचं चॅनल त्या केबलवर त्या क्षणी नसतंच. दहा ट्यूनर बसवले तरी ते लागणार नाही.

स्प्लिटर (केबलचे दोन फाटे करणारा तुकडा) लावून केबल दोन्ही ट्यूनरना देण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. एक ट्यूनर १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८. जास्त व्होल्टेजवाला जिंकतो आणि दुसऱ्याचा सिग्नल जातो. त्यापेक्षा ट्यूनर १ च्या लूप आउटमधून (आलेला सिग्नल पुढे देणाऱ्या तोंडातून) ट्यूनर २ मध्ये छोटी केबल टाकलेली बरी. तेव्हा निदान त्याच गटातली चॅनल दुसऱ्या ट्यूनरवर नीट लागतात. तुम्ही बघता ती सगळी चॅनल एकाच गटात असतील तर एवढ्यावरच काम भागतं, म्हणून खर्च करण्याआधी चॅनल यादीत प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी आणि ध्रुवीकरण बघून घ्या. एकाच ट्रान्सपॉन्डरवरची (अनेक चॅनल एकत्र पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या प्रक्षेपकावरची) चॅनल असतील तर बऱ्याच रिसीव्हरमध्ये एका ट्यूनरनेही एक बघून दुसरं रेकॉर्ड करता येतं, कारण तो सगळा प्रवाह आत आलेलाच असतो.

चॅनल विखुरलेली असतील आणि केबल एकच ठेवायची असेल, तर खरा उपाय यूनिकेबल एलएनबी. यात प्रत्येक ट्यूनरला केबलवर स्वतःची एक ठरलेली जागा (यूजर बँड) मिळते आणि हवा तो ट्रान्सपॉन्डर एलएनबी त्या जागेवर आणून ठेवतो. जुनं मानक ईएन ५०४९४, त्यात एका केबलवर ८ ट्यूनरपर्यंत चालतात. नवं ईएन ५०६०७, त्यात ३२ पर्यंत. रिसीव्हरच्या मेनूत यूनिकेबलचा पर्याय आहे याची खात्री खरेदीआधीच करा. नसेल तर हा एलएनबी तुमच्या कामाचा नाही. सेटिंगमध्ये ट्यूनर १ ला यूजर बँड १ आणि ट्यूनर २ ला यूजर बँड २ द्या, आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सी एलएनबीवर किंवा त्याच्या कागदावर छापलेल्या तशाच भरा. दोघांना एकच बँड दिला गेला, तर एकाने चॅनल बदललं की दुसऱ्याचं रेकॉर्डिंग तुटतं. लोक यालाच रिसीव्हरचा दोष समजतात. मध्ये भिंतीवरचा सॉकेट असेल तर तो डीसी (एलएनबीला केबलवरून जाणारी वीज) पास होऊ देणारा हवा.

एक लक्षात ठेवा: डीटीएच कंपनीचाच बॉक्स घेणार असाल, तर एलएनबीही ती कंपनी सांगेल तोच लावा. काही सेवा चारांतले दोनच गट वापरतात, आणि त्यांच्या एलएनबीची आतली रचना वेगळी असते.

मेगाबिट_मोजणारा:

डिस्कचा हिशोब साधा आहे. रिसीव्हर चित्र नव्याने कॉम्प्रेस करत नाही, उपग्रहावरून आलेला प्रवाह तसाच लिहून ठेवतो. त्यामुळे जागा ठरते ती चॅनलच्या बिटरेटवर. १ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे तासाला ०.४५ जीबी. ८ मेगाबिटचं एचडी चॅनल तासाला ३.६ जीबी घेतं, ३ मेगाबिटचं एसडी साधारण १.३५ जीबी. म्हणजे ५०० जीबीत सव्वाशे तासांहून अधिक एचडी मावतं. बघून झालं की पुसणाऱ्याला हे पुष्कळ झालं. डिस्क पुढे बदलता येते, ट्यूनर वाढवता येत नाही, म्हणून मीही दोन ट्यूनरच्याच बाजूचा.

डिस्कच्या वेगाची चिंता नको. दोन एचडी रेकॉर्डिंग आणि एक प्लेबॅक मिळून सेकंदाला ३ एमबीच्या आसपास होतात, आणि ५४०० आरपीएमची डिस्क ते सहज पेलते. पेन ड्राइव्ह मात्र टाळा. सरासरी वेग पुरेसा दिसतो, पण लिहिताना तो मधूनच अडतो. तेवढ्यात बफर (लिहिण्याआधीचा तात्पुरता साठा) भरतो आणि चित्राचे चौकोन पडतात.

यूएसबीच्या मार्गावर जायचं तर विजेकडे बघा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना १ अँपिअरच्या आसपास मागू शकते. मग ती टिकटिक करत राहते किंवा रिसीव्हरच रीस्टार्ट होतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा साडेतीन इंची डिस्क लावली की हा त्रास संपतो. फॉरमॅट फॅट३२ ठेवू नका. त्यात एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे, म्हणजे ८ मेगाबिटला साधारण ७० मिनिटांनी फाइल तुटते. चांगले रिसीव्हर तुकडे जोडून दाखवतात, काही जोडावर अडखळतात.

टाइमशिफ्ट (चालू प्रसारण थांबवून मागे नेण्याची सोय) गरजेपुरतंच चालू करा. ते कायम चालू ठेवलं तर टीव्ही सुरू असेपर्यंत डिस्क लिहीतच राहते आणि तापते. आत डिस्क असलेला बॉक्स दुसऱ्या गरम उपकरणावर ठेवू नका, वर आणि बाजूंना हवा खेळू द्या.

कुलूपकिल्ली:

संगणकाचा प्रश्न राहिला. मोफत चॅनल रेकॉर्ड करणारे खुल्या बाजारातले बरेच रिसीव्हर टीएस फाइल (आलेला प्रवाह तसाच साठवणारी व्हिडिओ फाइल) बनवतात. ती व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये थेट चालते आणि तिच्यात बहुधा सर्व भाषांचे ऑडिओ ट्रॅकही असतात. लिनक्सवर चालणारा बॉक्स डिस्क बहुधा ईएक्सटी४ या लिनक्सच्या मांडणीत फॉरमॅट करतो. ती विंडोजला जोडली तर रिकामी वाटते आणि विंडोज फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. तिथे "हो" दाबू नका. नेटवर्क पोर्ट असलेला बॉक्स घेतला तर डिस्क काढावीच लागत नाही, फाइल घरच्या नेटवर्कवरून घेता येते.

सशुल्क चॅनलचं तसं नाही. कंपनीचे बॉक्स सहसा रेकॉर्डिंग स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद करतात. ती फाइल संगणकावर तर चालत नाहीच, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्समध्येही चालत नाही. बॉक्स बिघडला की डिस्क धडधाकट असूनही साठवलेलं गेलं असं समजा. सीआय प्लस मोड्यूल (सशुल्क चॅनल उघडणारं, रिसीव्हरमध्ये खोचायचं उपकरण) असलेल्या रिसीव्हरमध्ये आणखी एक अट असते: प्रसारकाने कॉपी मनाईचा संकेत लावला असेल तर रेकॉर्डिंग साठतच नाही, फक्त टाइमशिफ्ट मिळतं, आणि त्याचीही नेहमीची मर्यादा ९० मिनिटं. दोन ट्यूनर असूनही मोड्यूल एका वेळी एकच सशुल्क चॅनल उघडत असेल तर दुसरं रेकॉर्ड होऊन काळं दिसेल. मोड्यूल एकावेळी किती चॅनल उघडतं, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

छत्रीधारक:

धन्यवाद, चित्र स्पष्ट झालं. यादी तपासली, चॅनल दोन्ही ध्रुवीकरणांवर आहेत, म्हणजे यूनिकेबलच. मालिकेच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवट कापला जातो असं वाचलं, ते कशामुळे?

दोन_ट्यूनर:

टायमर कार्यक्रम पत्रिकेतल्या वेळेवर चालतो आणि कार्यक्रम त्या वेळेवर संपेलच असं नाही. मेनूत आधी ३ ते ५ मिनिटं आणि नंतर १० मिनिटं जादा ठेवा, सामन्यांना तर अर्धा तास. या जादा मिनिटांमुळे लागोपाठचे दोन कार्यक्रम एकमेकांवर चढतात आणि वेगवेगळ्या ट्रान्सपॉन्डरवर असतील तर दोन्ही ट्यूनर अडकतात. दुसरा ट्यूनर खरा लागतो तो इथेच. काही रिसीव्हर सिग्नलमधल्या "आता आणि पुढे" या माहितीवरून रेकॉर्डिंग सुरू-बंद करतात. ती सोय उत्तम आहे, पण प्रसारक ती माहिती वेळेवर बदलत असेल तरच.

बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, स्टँडबायवर ठेवा. वीजच नसेल तर टायमर त्याला उठवणार कसा?

बसवल्यावर बॉक्स परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी घ्या. ट्यूनर १ वर उभ्या ध्रुवीकरणातलं एचडी चॅनल आणि ट्यूनर २ वर आडव्यातलं, असं एकाच वेळी तासभर रेकॉर्ड करा आणि त्याच वेळी जुनं काहीतरी प्लेबॅकला लावा. मग दोन्ही रेकॉर्डिंग पुढे पळवत तपासा. एकाच ट्यूनरवर चौकोन पडत असतील तर त्याचा यूजर बँड आणि एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचं जोडतोंड) बघा. केबलच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला टेकलेली असते. दोन्हीवर पडत असतील तर डिशची दिशा पुन्हा जुळवून घ्या.