मदत हवी आहे: पार्किंगच्या स्लॅबचं हाफ सेल रीडिंग उणे ७००, स्लॅब पाडायचा का?

सचिव_त्रिमूर्तीनगर:
नमस्कार. आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. पार्किंगवरच्या स्लॅबचं हाफ सेल रीडिंग (आतल्या सळईच्या गंजाचा अंदाज घ्यायला मोजतात तो विद्युत दाब) उणे ५८० ते उणे ७१० मिलिव्होल्ट आलंय. रिपोर्टमध्ये लाल अक्षरात लिहिलंय, "गंजाची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक." ठेकेदार म्हणतो, स्लॅब पाडून नवीन टाका. रविवारी आमसभा आहे आणि लोक मला धरणार. हे रीडिंग किती वाईट आहे आणि पाडण्यावाचून दुसरा मार्ग आहे का, एवढंच हवंय. "इंजिनिअरला विचारा" असं कृपया लिहू नका, रिपोर्ट इंजिनिअरचाच आहे.

बेसा_वॉटरप्रूफिंग:
भाऊ, पाडू नका बाप्पा. गंजाचं मूळ पाणी. वरचा कोबा काढा, पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचे दोन हात मारा, वर जाळी. मी बेसा, मनीषनगर सगळीकडे हेच करून राहिलो, एक तक्रार नाही. पाणी बंद झालं की गंज बंद.

गिट्टी_रेती:
आधी माहिती द्या. स्लॅब कधीचा? इलेक्ट्रोड कुठला होता, कॉपर सल्फेट की सिल्व्हर क्लोराइड? दोघांत सुमारे १२० मिलिव्होल्टचा फरक पडतो. मोजण्याआधी पृष्ठभाग ओला केला होता का? प्लास्टर, रंग काढला होता का? मल्टिमीटरची दुसरी वायर कुठल्या सळईला लावली? तडे, गळती, ठोकल्यावर पोकळ आवाज? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

सचिव_त्रिमूर्तीनगर:
स्लॅब २००९ चा. इलेक्ट्रोड म्हणजे निळं पाणी भरलेली नळी, खाली स्पंज. पाणी मारलं होतं. खालून प्लास्टर नाही, नुसता चुना आहे, तोही घासून काढला. तडे नाहीत, गळती नाही, आवाज सगळीकडे खणखणीत. पण रीडिंग ७०० आलंय ना! आणि बेसावाले भाऊ, स्लॅब गळत नाही, मग कोटिंग कशाला?

कोराडी_रोड:
आमच्या वसाहतीच्या पाण्याच्या टाकीला उणे ६५० आलं होतं. फोडून पाहिलं तर सळई धड होती. काँक्रीट कायम पाण्याने भरलेलं असलं की सळईपर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि विभव (म्हणजे हेच मिलिव्होल्टचं रीडिंग) फार खाली जातो. गंज मात्र चढत नाही. घाबरू नका.

गिट्टी_रेती:
पार्किंगचा स्लॅब म्हणजे टाकी नव्हे. नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत तो कोरडा ठणठणीत असतो. तुमचा अनुभव इथे लावू नका.

साइटवरचा:
हाफ सेलचा तक्ता तो तक्ता असतो. उणे २०० च्या वर असेल तर गंज नसल्याची शक्यता ९० टक्के, २०० ते ३५० मध्ये सांगता येत नाही, ३५० च्या खाली गंज असल्याची शक्यता ९० टक्के. इथे तर दुप्पट आहे. ९० टक्के सळई गेली समजा. उद्या गाड्यांवर पडला तर सचिव जबाबदार. पाडा आणि मोकळे व्हा.

गिट्टी_रेती:
९० टक्के सळई गेली असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मोजलं त्या वेळी, त्या ठिकाणी गंजाची क्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्के, एवढंच. सळई किती झिजली, कोणत्या वेगाने झिजतेय, हे हाफ सेल सांगतच नाही. आमसभेत असली वाक्यं फिरली की लोक विनाकारण घाबरतात.

पांढरा_चाफा:
याच धाग्यात विचारते. आमचं हुडकेश्वरला बांधकाम सुरू होतंय. सळई ५०० डी ग्रेडची घ्यावी की ५५० डी? आणि सळई पावसात भिजली तर चालते का?

साइटवरचा:
ताई, ५५० डी घ्या. हलका गंज चालतो, पापुद्रे सुटत असतील तर ब्रशने काढायचे.

गिट्टी_रेती:
ताई, डिझाइनमध्ये लिहिलंय तीच घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावरून ग्रेड बदलू नका. बाकी वेगळा धागा काढा. सचिव, वायर कुठे लावली होती ते राहिलंच.

सचिव_त्रिमूर्तीनगर:
पार्किंगच्याच स्लॅबला, कोपऱ्यात छिन्नीने फोडून एक सळई उघडी केली होती. जुन्या ए विंगचं मोजलं तेव्हाही वायर त्याच सळईला, दुसरं टोक लांब ओढून नेलं. ए विंग १९९४ ची, तिचं रीडिंग उणे १७० ते २३०, रिपोर्टमध्ये "समाधानकारक". गंमत अशी की ए विंगच्या बाथरूमच्या डक्टमध्ये कव्हर (सळईवरचं काँक्रीटचं आवरण) सुटून लाल सळया दिसतात. आणि स्लॅबच्या सळया तर सगळ्या जीआय केलेल्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या) आहेत, म्हणूनच गंज चढलाच कसा हे मला कळत नाही. तेव्हा एक सभासद टॉवरच्या कारखान्यात होते, त्यांनी तिथून डिप करून आणल्या होत्या.

गिट्टी_रेती:
जीआय आहेत हे तुम्ही आता सांगताय!

सचिव_त्रिमूर्तीनगर:
ऑडिटवाल्यांना माहीत होतं. त्यांनी तोच तक्ता लावला, म्हणून मी तो धरून चाललो. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त_अभियंता_धरमपेठ:
सगळाच फरक पडतो. शांतपणे वाचा.

हा तक्ता मुलामा नसलेल्या सळईसाठी आहे. एएसटीएम सी ८७६ या अमेरिकी मानकाच्या नावातच तसं लिहिलंय आणि आपल्या आयएस ५१६, भाग ५, विभाग २ (२०२१) च्या नावातही. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील धातू आहे. प्रमाण विभव पाहिला तर लोखंडाचा उणे ०.४४ व्होल्ट आणि जस्ताचा उणे ०.७६. मुलामा शाबूत असेल तर मीटर लोखंडाचा नव्हे, जस्ताचा विभव दाखवतो आणि तो ३५० च्या बराच खाली असणारच. तुमचे ५८० ते ७१० हे आकडे "इथे जस्त आहे" असं सांगतायत. लोखंड गंजतंय असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

ओल्या काँक्रीटमध्ये जस्तावर सुरुवातीला क्रिया होते, थोडा हायड्रोजन सुटतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्सिझिंकेटचा थर बसतो. पुढे तोच थर जस्ताला सांभाळतो. काळ्या (मुलामा नसलेल्या) सळईचं संरक्षण काँक्रीटच्या अल्कलीवर टिकून असतं. कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली मरून) पीएच ९ च्या आसपास आला की ते जातं. जस्त तिथेही बऱ्यापैकी तग धरतं आणि क्लोराइडही (मिठातला, गंज वाढवणारा घटक) काळ्या सळईपेक्षा जास्त सोसतं.

आता माझा प्रश्न. कोपऱ्यात उघडी केलेली सळई दिसायला कशी होती?

सचिव_त्रिमूर्तीनगर:
राखाडी, मळकट, कुठे कुठे पांढरट. लाल नव्हती. मोबाइलमध्ये फोटो आहे, नंतर टाकतो.

साइटवरचा:
जीआय सळई काँक्रीट धरतच नाही, गुळगुळीत असते. मग तर हा स्लॅब आणखी धोक्याचा. मी साइटवर जीआय लावू देत नाही.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ:
गुळगुळीत साध्या सळईबद्दल बोलत असाल तर चर्चा करू. इथे रिब (अंगावर कंगोरे) असलेली सळई आहे. पकड रिबची असते आणि मुलामा दिलेल्या रिबच्या सळईची पकड काळ्या सळईपेक्षा कमी नसते. मात्र जीआय सळई काळ्या बांधणी-तारेने बांधली असेल, किंवा वाकवताना मुलामा तडकला आणि तिथे झिंकचं टचअप केलं नसेल, तर त्या जागा तपासायलाच हव्यात.

बेसा_वॉटरप्रूफिंग:
म्हणजे सळईला झिंक प्रायमर मारलं तरी तेच ना? मी रिपेअरमध्ये तेच मारतो.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ:
नाही. हॉट डिपमध्ये, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवल्यावर, जस्त लोखंडाशी मिश्रधातू होऊन बसतं. आयएसओ १४६१ प्रमाणे ६ मिमीपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन लागतं. ब्रशचं प्रायमर हा रंग आहे, त्याची जागा दुरुस्तीत आहे. गंज नीट न काढता वरून फासलं तर त्याचा काही उपयोग नाही.

सचिव, ए विंगकडे वळू. दोन विंगांमध्ये सांधा, म्हणजे त्यांना वेगळं ठेवणारी फट, आहे का?

सचिव_त्रिमूर्तीनगर:
आहे. पूर्ण उंचीचा, वर ॲल्युमिनियमची पट्टी.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ:
मग ए विंगचं "समाधानकारक" रीडिंग बाद करा. वायर ज्या सळईला लावता तिचा मोजायच्या सळयांशी विद्युत संबंध हवा. दोन टोकांमधला रोध एखाद्या ओहमच्या आत आहे का हे आधी पाहतात. सांध्यापलीकडच्या सळया सुट्या आहेत, त्यामुळे ते आकडे कशाचेच नाहीत. आणि तिथे भिंतींना ऑइलपेंट असेल तर त्यातून मोजताच येत नाही, प्रश्नच मिटला.

खरी काळजी डक्टची करा. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, कव्हर त्यानेच फुटतं. तिथे सळई डोळ्यांना लाल दिसतेय, त्याला मीटर कशाला हवा?

सचिव_त्रिमूर्तीनगर:
ठीक. मग स्लॅबला काहीच करायचं नाही का? सभेत नुसतं "काही नाही" म्हणून चालणार नाही. लोक कागद मागतील.

गिट्टी_रेती:
कागद करून घ्या. तीन-चार ठिकाणी, त्यांत एक पावसाचं पाणी साचतं तिथे, सळईपर्यंत फोडा. मुलाम्याची जाडी मायक्रॉन गेजने मोजा, ते चुंबकीय असतं आणि हातात मावतं. ताज्या फुटलेल्या काँक्रीटवर लगेच फिनॉल्फथॅलिन मारा. गुलाबी झालं तर अल्कली आहे, रंग आला नाही तेवढी खोली कार्बोनेशनची. थांबलात आणि धूळ बसली तर चुकीचं दिसतं. शिवाय सळईच्या खोलीवरची ड्रिलची भुकटी क्लोराइडसाठी पाठवा. २००९ मध्ये पाणी बोअरचं वापरलं होतं का?

सचिव_त्रिमूर्तीनगर:
हो, बोअरचंच. तेव्हा नळ आला नव्हता.

गिट्टी_रेती:
मग क्लोराइड तपासाच. आयएस ४५६ मध्ये आरसीसीच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि काँक्रीटमध्ये घनमीटरमागे ०.६ किलो. समुद्र नाही म्हणून नागपुरात क्लोराइड नाही असं धरून चालू नका, बोअर आणि जुनी ॲक्सिलरेटर (काँक्रीट लवकर घट्ट करणारी रसायनं) या दोन वाटांनी ते येतं. गंजाचा वेग हवाच असेल तर एलपीआर चाचणी सांगा, पण करणाऱ्याला सळई जीआय आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेच्या सिव्हिल विभागात विचारून पाहा.

साइटवरचा:
एवढ्या चाचण्यांच्या पैशात निम्मं काम होतं.

गिट्टी_रेती:
धड स्लॅब पाडण्याचं?

सचिव_त्रिमूर्तीनगर:
सभा झाली. पाडण्याचा ठराव मागे ठेवला. दुसऱ्या माणसाकडून चार ठिकाणी फोडून घेतलं. मुलामा ७६ ते ९४ मायक्रॉन. कार्बोनेशन जास्तीत जास्त ९ मिमी, कव्हर २५ च्या आसपास. लाल डाग एकाच ठिकाणी, बांधणी-तारेवर. तार काळीच होती. क्लोराइडचा निकाल यायचाय.

डक्टमध्ये मात्र दोन मजल्यांवर सळईचे पापुद्रे हातात येतात. तिथे टेकू लावलेत. ठेकेदार म्हणतो वरून मसाला भरून झिंक प्रायमर मारतो. करू देऊ का?

निवृत्त_अभियंता_धरमपेठ:
असं करू देऊ नका. आधी वरच्या बाथरूमची गळती बंद करा. मग सळईच्या मागेही २० ते २५ मिमी काँक्रीट काढायला लावा आणि लाल भाग संपून स्वच्छ सळई दिसेपर्यंत पुढे जा. ब्लास्टिंग किंवा वायरब्रशने गंज काढून सळई चकचकीत करा, व्यास मोजा, फार गेला असेल तर जोडसळई द्या. त्यानंतर प्रायमर आणि पॉलिमर मॉर्टर. एक लक्षात असू द्या, नुसता तुकडा भरला तर त्याच्या कडेच्या जुन्या काँक्रीटमध्ये गंज जोर धरतो, क्लोराइड असेल तर हमखास. म्हणून डक्टच्या काँक्रीटचाही क्लोराइडचा नमुना याच खेपेला पाठवा.

सचिव_त्रिमूर्तीनगर:
नमुना उद्याच पाठवतो. निकाल इथेच टाकीन.