'बदलत गेली' की 'बदलून राहिली'? आणि पात्राचा 'विकास'

पूर्णाकाठ
मी दर्यापूर तालुक्यात राहते. एक कादंबरी लिहून झाली आहे. प्रकाशकांच्या भाषेत फँटसी, ॲडव्हेंचर आणि रोमान्स असं तिन्ही. मी नुसतं 'अद्भुतरम्य' म्हणते. गाविलगडाच्या पायथ्याची एक मुलगी शापानं मुका झालेल्या राजपुत्राचा आवाज शोधायला निघते. गोष्ट सांगते तिची आजी, वऱ्हाडीत. मधल्या एका प्रकरणात आजी म्हणते, "पोट्टी बदलून रायली होती, पन तिले सोताले मालूम नोतं." मुद्रितशोधनातून ते असं परत आलं : "मुलगी बदलत गेली होती, पण तिला स्वतःला ते माहीत नव्हतं."

मला हा बदल पटत नाही. 'बदलत गेली' म्हणणारी बाई सगळं संपल्यावर मागे वळून पाहते. 'बदलून रायली' म्हणणाऱ्या आजीसमोर ते अजून चालू आहे, पोरगी कुठं पोचणार हे तिलाही ठाऊक नाही. माझं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे.

दुसरी अडचण. सारांशात 'कॅरेक्टर डेव्हलपमेंट'साठी 'व्यक्तिरेखेचा विकास' लिहिलं. पण माझा राजपुत्र आवाज मिळाल्यावर क्रूर होत जातो. त्याला विकास कसं म्हणू?

जुना मास्तर
ताई, मुद्रितशोधकाची बाजू मांडतो. प्रमाण मराठीत '-ून राहणे' हे स्थिती टिकणं दाखवतं : चिकटून राहिला, दडून राहिली, दबा धरून राहिला. सांगली-साताऱ्याचा वाचक 'बदलून राहिली' याचा अर्थ 'एकदा बदलली ती तशीच राहिली' असा घेईल. तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट.

आपल्याकडचा हा प्रयोग 'बदल रही थी'च्या छापावर बेतलेला आहे. नागपूरकडचा भाग १८६१ पासून मध्य प्रांतात, वऱ्हाड १९०३ पासून त्याला जोडलेला, आणि १९५६ पर्यंत आपण हिंदी मुलखाबरोबरच होतो. बोलण्यात राहू द्या. छापील कादंबरीत अर्थ वाकडा होत असेल तर सोडलेला बरा.

डेव्हलपमेंटला जुना चांगला शब्द आहे, 'स्वभावपरिपोष'. जसा रसाचा परिपोष, तसा स्वभावाचा. त्यात चांगलं-वाईट काही येत नाही.

वरुडची लेक
सर, छाप हिंदीचा असेल नाहीतर आणखी कोणाचा, माझ्या आजीच्या आईपासून आमच्या घरात सगळे असंच बोलतात. 'मी जात आहे' हे आम्ही शाळेत शिकलो. घरात 'मी जाऊन रायली'.

लग्न होऊन पश्चिमेकडे गेले तेव्हा सासूबाईंना फोनवर सांगितलं, "स्वयंपाक करून राहिली." त्या म्हणाल्या, "करून कुठं राहिलीस?" त्यानंतर सासरी मी तसं बोलणं सोडलं, आणि आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून ताईंना कळकळीनं सांगते, आजीच्या तोंडचं वाक्य अजिबात सोडू नका. ती निवेदक आहे, म्हणजे तीही पात्रच की! तिची बोली प्रमाण केली तर नायिकेचा बदल राहील बाजूला, आधी आजीच नाहीशी होईल. साताऱ्याच्या वाचकाला पहिल्या दोन पानांत कळतं की ही बाई 'मले-तुले' बोलते. पुढचं तो जुळवून घेतो. आपण नाही का कोकणातल्या कादंबऱ्या वाचत?

'परिपोष' मात्र नको. सारांश वाचणाऱ्याला तो पोषण आहाराचा शब्द वाटेल.

मोर्शीकर
'विकास' शब्दावर अन्याय होतो आहे. वि + कस्, म्हणजे उमलणं, उघडणं. कमळ विकसतं तेव्हा ते सुधारत नाही, आत जे होतं ते बाहेर येतं. राजपुत्राच्या आत क्रौर्य होतं, मुकेपणानं झाकलेलं होतं, आवाज आला आणि ते उमललं. शब्द चपखल बसतो.

आणि अद्भुतरम्य कथेत माणूस बदलतो कसा हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. दमयंती विदर्भाची, तिचं कुंडिनपूर म्हणजे आपल्या तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर, असं आपण मानतो. तिच्या कथेत काय नाही? बोलणारा हंस आहे, नळाच्या अंगात शिरून त्याला जुगारात राज्य घालवायला लावणारा कली आहे, कर्कोटक नागाच्या दंशानं पालटलेलं रूप आहे. पहिल्या स्वयंवरात नळाचंच रूप घेऊन चार देव बसतात, तेव्हा दमयंती हात जोडून देवांचीच प्रार्थना करते. मग तिला फरक दिसतो : देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. घामेजलेला, धुळीनं माखलेला तेवढा माणूस, त्याला ती माळ घालते. पुढं रानात नवरा सोडून जातो, अजगर गिळायला येतो, हे सगळं भोगून माहेरी आल्यावर दुसरं स्वयंवर ती स्वतः रचते. खोटं. नळाला हुडकण्यासाठी. ऋतुपर्ण राजाला निरोप उशिरा मिळेल अशी योजना, कारण अयोध्येहून एका दिवसात घोडे आणील असा सारथी एकच, नळ, हे तिला माहीत असतं.

पहिल्या वेळी प्रार्थना, दुसऱ्या वेळी डाव. स्वयंवर तेच ठेवून बाई किती बदलली ते दाखवलं आहे, कुठंही 'ती बदलली' असं न सांगता. मला हे फार थोर वाटतं.

पूर्णाकाठ
दादा, हे वाचून अंगावर काटा आला. हीच युक्ती मला माझ्या शेवटच्या प्रकरणात वापरता येईल, सुरुवातीचं नदी ओलांडणं पुन्हा आणून. पण मग या युक्तीला मराठीत म्हणायचं काय? लिटररी डिव्हाइसचं 'साहित्यिक उपकरण' करवत नाही. 'अलंकार' म्हटलं की लोक उपमा-उत्प्रेक्षा मोजायला लागतात.

जुना मास्तर
'क्लृप्ती' किंवा 'रचनातंत्र'. पुढं फळणाऱ्या गोष्टीचं मूळ आधीच थोडक्यात पेरण्याला नाट्यशास्त्रात 'बीज' आहे, आणि बोलणाऱ्याचा अर्थ एक पण पुढच्या घटनेला लागू पडतो वेगळाच, त्याला 'पताकास्थानक'. तयार शब्द घरात असताना उपकरणं कशाला?

'विकास'बद्दल मोर्शीकरांशी पूर्ण सहमत. मूळ अर्थ जपला पाहिजे.

वरुडची लेक
सर, मूळ अर्थ जपायचा तर 'बदलून रायली'चाही जपा की. आज 'विकास' ऐकून कमळ कोणाला आठवतं? रस्ता आणि पूलच आठवतो. राजपुत्राचा विकास झाला म्हटलं की वाचक त्याला चांगला झालेला समजणार. शब्दकोशात काही का असेना, वाचकाच्या कानात काय आहे ते धरावं लागतं. तुम्हीच साताऱ्याच्या वाचकाचं उदाहरण दिलंत, तेव्हा तर कान महत्त्वाचा होता.

माझं मत 'घडण'. नायिकेची घडण, राजपुत्राची घडण. बिघडण्यातसुद्धा 'घड' आहेच.

वडश्याचा रंगपट
मी नाटकवाला, म्हणून 'पात्र'वर बोलतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर नाटक चालतं, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक हा जुना रिवाज. दिग्दर्शक सांगतो, "पहिल्या अंकात रिकामा ये, तिसऱ्यात भरून जा." मला वाटतं पात्र शब्दातच हे आहे. पात्र म्हणजे भांडं, ते भरत जातं. आणि नदीचंही पात्रच! वैनगंगेचं पात्र वडश्याजवळ पाहा : नदी तीच, पण पाणी येईल तसं रुंदावतं, काठ खचवतं, कधी कोरडं पडतं. वाढतंच असं नाही. म्हणून 'पात्राचा विस्तार' म्हणा.

जुना मास्तर
कल्पना सुंदर आहे. पण नटाला पात्र म्हणतात ते तो भूमिकेला योग्य म्हणून, 'पात्रता'मधलं पात्र. भरण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

वडश्याचा रंगपट
सर, योग्य तरी का म्हणतात? ज्याच्यात ओतलेलं राहतं तोच पात्र, गळक्याला कोण पात्र म्हणेल? भांडं आधी, पात्रता नंतर. माझा अनुभव हेच सांगतो. संवाद पाठ असणारे पुष्कळ मिळतात, आत काही साठवणारा एखादाच.

पूर्णाकाठ
'विस्तार'मध्ये राजपुत्र बसतो का? तो तर आक्रसत जातो. मला 'घडण'च जवळची वाटते आहे. आजीचं वाक्य मी मूळचंच ठेवणार, तसं कळवलं आहे.

जुना मास्तर
ठेवा, पण निदान एकदा तरी आधीच्या प्रकरणात वाचकाला हा प्रयोग साध्या क्रियेबरोबर भेटू द्या. 'भाकर करून रायली', 'पानी भरून रायली'. मग 'बदलून रायली'वर तो अडखळणार नाही. त्यालाच मी बीज म्हणतो.

मोर्शीकर
दमयंतीबद्दल बोललो, नळाचं काय? तो बदलतो की नाही? माझ्या मते नाही. रूप पालटल्यावर बाहुक या नावानं तो ऋतुपर्णाकडे आचारी-सारथी बनतो, पण केशिनी दासीनं आणून दिलेलं त्याचं मांसान्न चाखल्याबरोबर दमयंती ओळखते. हाताची चव तीच. रूप गेलं, माणूस तोच.

वरुडची लेक
दादा, नळ बदलतो. वाटेत ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो तेव्हाच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. आणि शेवटी पुष्कराकडून राज्य जिंकल्यावर तो भावाला सोडून देतो, वर त्याचा वाटाही देतो. पहिला नळ डाव सोडून उठू शकत नव्हता, हा उठतो.

मोर्शीकर
विद्या मिळणं म्हणजे स्वभाव बदलणं नव्हे. आणि भावाला सोडणं त्याच्या मूळ औदार्याला धरूनच आहे.

वडश्याचा रंगपट
मी नळ केला आहे, दोन हंगाम. जुगाराच्या पहिल्या प्रवेशात फासे टाकताना हात थरथरवायचा आणि शेवटच्यात स्थिर ठेवायचा, एवढंच मला सांगितलेलं. विद्येनं थांबली ती थरथर की स्वभावानं, हे मी कधी ठरवलं नाही, पण शेवटच्या रांगेतल्या बायाही म्हणायच्या, "नळ सुधरला." विकास नाही, घडण नाही, 'सुधरला'.

जुना मास्तर
'सुधरला' की 'सुदरला'? झाडीकडे दोन्ही ऐकलं आहे.