विषय: स्नेहसंमेलनाच्या कपड्यांसाठी मंडळाची देणगी

ग्लासगोहून, खजिनदार

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या हिशेबातून थोडी रक्कम शिल्लक आहे. ती मुंबईतल्या एखाद्या शाळेला स्नेहसंमेलनाच्या कपड्यांसाठी द्यावी, अशी सूचना आली आहे. इथे डिसेंबर आला की ख्रिसमस जंपर (नाताळचा स्वेटर), शाळेची जत्रा, पँटोमाइम या नाताळच्या नाटकाचं तिकीट, बाईंना भेट असं सगळं एकदम अंगावर येतं, ते आपण सगळे जाणतो. पैशामुळे मुलांचं शाळेत कुठे अडतं, हे मुलांशीच बोलून शोधणारं 'कॉस्ट ऑफ द स्कूल डे' हे काम चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप या मुलांच्या गरिबीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये आपल्याच शहरात सुरू केलं. मुंबईत काय चित्र आहे? मुलुंडच्या ताई अजून मंडळाच्या या ईमेल-यादीवर आहेत, त्यांनी सांगावं.

मुलुंडहून

दादा, सगळ्यांना नमस्कार.

तुम्हाला इथली आठवण झाली, बरं वाटलं. पण कपड्यांसाठी पैसे देऊ नका, असं मी कळकळीने सांगते.

इथला खर्च एका संमेलनाचा नाही. शाळा उघडून स्थिरावते न स्थिरावते तोच आषाढीची दिंडी, मग गोकुळाष्टमीला राधा-कृष्ण, नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग, १४ नोव्हेंबरला वेशभूषा, डिसेंबरात सांताची टोपी आणि संमेलन, १९ फेब्रुवारीला मावळे, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनासाठी पुन्हा नऊवारी. दर वेळी रक्कम छोटी, म्हणून तोंड उघडायला लाज वाटते. आणि निरोप येतो आदल्या रात्री, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर: 'उद्या सर्व मुलांनी पिवळा झब्बा घालून यावे.' चार घरची कामं आटपून आलेली बाई त्यानंतर बाजारात पिवळा झब्बा शोधत फिरते.

वेशभूषेचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीच्या दुकानाचं मुद्दाम सांगते. संमेलनाच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. मावळ्याचा अंगरखा, पागोटं, शेला, पुठ्ठ्याची ढाल, चिकटवायची मिशी. भाडं वेगळं, अनामत वेगळी, आणि मिशी परत घेत नाहीत, ती विकतच घ्यायची. माझ्या पुढे उभी असलेली आई भाड्याचे पैसे मोजून घेऊन आली होती. अनामत भाड्याहून जास्त निघाली. तिने ढाल ठेवून दिली, मग पागोटं ठेवून दिलं, तरी बेरीज बसेना. चार दिवसांनी परत मिळणारे पैसे असले तरी महिनाअखेरीला ते हातात असावे तर लागतात ना! अंगरख्यावर डाग पडला, टिकल्या गळल्या, तर त्या अनामतीतूनही कापून घेतात. 'फक्त भाडं आहे' असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही.

आता कायद्याचं. महापालिकेच्या शाळांत गणवेश, दप्तर, बूट धरून २७ शालोपयोगी वस्तू मोफत मिळतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना आहेत, त्यांना फी नाही. माझ्या लेकीच्या शाळेतही ती मुलं आहेत. पण २७ वस्तूंत मावळ्याची ढाल नाही, आणि आमच्याकडे फीमाफीत संमेलनाची वर्गणी धरत नाहीत. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यामुळे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे येतो. त्या समितीवर माझं नाव चिठ्ठीने निघालं. ग्रुपवर गोळा होणारे पैसे मात्र समितीपुढे येत नाहीत, कारण त्यांना कुणी फी म्हणत नाही.

याची किंमत हजेरीपटावर दिसते. सणाच्या दिवशी तीच ती मुलं आजारी. बाई समजून घेतात, रागवत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी फोटो सगळ्या ग्रुपवर येतात आणि त्या मुलांना ते बघावे लागतात.

शिवाय मंडळाच्या खात्यातून शाळेला थेट पैसे पाठवता येणार नाहीत. परदेशात नोंदलेल्या संस्थेची देणगी २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली येते. शाळेची तशी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी.

अ‍ॅबर्डीनहून

ताई, तळमळ पोचली. पण सणच नकोत असा सूर त्यातून निघू नये. आमच्या नाती नऊवारी नेसायला वर्षभर वाट बघतात. मुंबईतच हे बंद झालं तर आम्ही इथे काय टिकवायचं? हौसेला मोल नसतं.

मुलुंडहून

काका, हौस मलाही आहे. माझी लेक दिंडीत नाचते तेव्हा माझा ऊर भरून येतो. सण बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण भोंडल्याला लागतं काय, सांगा. पाटावर काढलेला हत्ती, फेर धरायला हात आणि खिरापत. ती झाकून ठेवायची आणि ओळखायला लावायची, मग डब्यात काजूकतली असो की कुरमुरे, मजा सारखीच. अशा सणाला आमच्या शाळेने घागरा-चोळी सक्तीची केली. हे मला सहन होत नाही. कंदिलाचंही तसंच. बांबूच्या काड्या, पतंगी कागद आणि खळ शाळेने घाऊक आणली तर वर्गाचं काम भागतं. त्याऐवजी घरून तयार संच मागवतात. मग कुणी माहीमच्या कंदील गल्लीतून तयार कंदीलच आणून देतं, आणि बक्षीसही त्यालाच मिळतं.

म्हणून समितीपुढे मी लेखी विषय देते आहे. वर्षाचे सण आणि प्रत्येकाला काय लागेल ते जूनमध्येच छापून द्या. घरात आहे तो कपडा चालेल, हे त्यातच लिहा. आणि शाळेने स्वतःची कपड्यांची पेटी करावी: पागोटी, शेले, उपरणी, टाळ. त्यातून सगळ्याच मुलांनी घ्यायचं, ड्रेपरी परवडते त्यांनीसुद्धा. नड सांगून मागावं लागलं तर त्या पेटीला कुणी हात लावणार नाही.

दादा, द्यायचंच असेल तर या पेटीसाठी द्या. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपापल्या बचतीतून, बँकेमार्फत, स्वतःच्या नावाने द्यावं. ती रक्कम परकीय योगदानात धरत नाहीत. शाळेची पावती मी घेऊन पाठवीन. आणि तिथल्या शाळा डिसेंबरात पालकांना 'जंपर नसला तरी चालेल' अशी पत्रकं देत असतील तर एक-दोन मला पाठवा. बैठकीआधी मराठीत करून सगळ्यांना वाटते.