दिवंगत समर्थकांसाठी रक्तदान, कोलकात्यासारखं

प्रश्न: १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल फुटबॉल सामन्यात १६ प्रेक्षकांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात रक्तदान होतं. कोल्हापुरात आमच्या तालमीला, म्हणजे फुटबॉल क्लबला, तसंच करायचंय. अटी काय?

उत्तर १: वय १८ ते ६५, हिमोग्लोबिन किमान १२.५. वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिली, ५५ च्या वर ४५० मिली. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० दिवस झालेले हवेत, बायकांचे १२०.

उत्तर २: क्लबचा ताजा टॅटू मिरवणारे आधीच बाजूला काढा, वर्षभर चालत नाहीत. आणि सामना खेळून आलेल्यांना लगेच रक्त द्यायला झोपवू नका राव! घामानं पाणी गेलेलं असतं, उठताना चक्कर येते.

उत्तर ३: उपाशीपोटीही नको. नंतर सरबत, पंधरा मिनिटं बसवणं.